किशोरवयातील हाडांचे आरोग्य: ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाडे भरण्याची वर्षे

थोडक्यात

- मुलींमध्ये साधारण ११ ते १४ आणि मुलांमध्ये १३ ते १६ या वर्षांत हाडांत सर्वाधिक कॅल्शियम भरले जाते. या काळात राहिलेली कमतरता पुढे पूर्णपणे भरून निघणे कठीण असते.
- किशोरवयात रोज ६०० युनिट ड जीवनसत्त्व आणि वयानुसार ८५० ते १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते.
- ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातून मिळते, कॅल्शियम जेवणातून. एक घेतले म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.
- प्रत्येक मुलाची रक्ततपासणी करण्याची गरज नाही.
- ६०,००० युनिटचे एक पाकीट म्हणजे रोजच्या गरजेच्या हिशेबाने १०० दिवसांचा साठा. ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आणि ठरलेल्या मुदतीपलीकडे घेऊ नये.

सांताक्रूझचे नाव रोज हवामानाच्या बातम्यांत येते, कारण मुंबई उपनगराचे तापमान आणि पाऊस येथील वेधशाळेत मोजला जातो. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर येथे उन्हाची कमतरता नाही. तरीही आमच्या दवाखान्यात ‘व्हिटॅमिन डी कमी’ असा अहवाल घेऊन येणारी दहावी-बारावीची मुले नेहमी दिसतात. काहींचे पाय दुखत असतात, काहींचे काहीच दुखत नसते. फक्त ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये एक आकडा लाल अक्षरांत आलेला असतो. दुसऱ्या बाजूला, कोणीतरी एकदा लिहून दिलेले पाकीट वर्षभर दर रविवारी दुधातून देणारे पालकही भेटतात. या दोन्ही प्रकारच्या घरांतून एक प्रश्न मात्र क्वचितच येतो: मूल दिवसभरात कॅल्शियम किती खाते? हा लेख त्या प्रश्नासह सगळी माहिती एका जागी देण्यासाठी आहे.

या वयात हाडांत काय घडते?

हाड म्हणजे निर्जीव खांब नाही. प्रथिनांचे एक जाळे असते आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार बसतात. जुने हाड झिजत असते, नवे तयार होत असते. वाढीच्या वयात तयार होण्याचा वेग झिजण्यापेक्षा जास्त असतो.

वयात येताना उंची आधी वाढते आणि क्षार त्यामागून भरतात. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी झपाट्याने वाढते. हाडांत कॅल्शियम सर्वात वेगाने भरण्याचा काळ त्यानंतर काही महिन्यांनी येतो. मधल्या काळात हाडे लांब झालेली असतात, पण पुरेशी भरलेली नसतात. या वयात खेळताना पडल्यावर मनगटाजवळचे हाड मोडण्याचे प्रमाण जास्त असते, त्याचे हे एक कारण आहे.

कॅनडातील सॅस्कॅचेवान येथे मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून केलेल्या अभ्यासात असे दिसले की, प्रौढ वयात हाडांत असणाऱ्या क्षारांपैकी सुमारे एक चतुर्थांश क्षार या वेगवान वाढीच्या दोनच वर्षांत जमा होतात. १८ ते २० वर्षांपर्यंत हाडांची सुमारे ९० टक्के पुंजी तयार झालेली असते. तिशीनंतर ती हळूहळू कमी होत जाते आणि स्त्रियांमध्ये पाळी गेल्यावर झपाट्याने घटते. साठीत खुब्याचे हाड मोडेल की नाही, हे बऱ्याच अंशी पंधराव्या वर्षी किती पुंजी जमली होती यावर अवलंबून असते. या पुंजीचा मोठा भाग आनुवंशिकतेने ठरतो. उरलेला भाग आहार, ऊन आणि खेळ यांवर ठरतो, आणि तेवढाच आपल्या हातात आहे.

ड जीवनसत्त्वाचे काम काय?

आपण खाल्लेले सगळे कॅल्शियम रक्तात जात नाही. ड जीवनसत्त्व पुरेसे असेल तर आतडे खाल्लेल्या कॅल्शियमपैकी सुमारे ३० ते ४० टक्के शोषून घेते. ते फार कमी असेल तर हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर येते. रक्तातील कॅल्शियम ठरावीक पातळीवर ठेवणे हृदय, स्नायू आणि मेंदूसाठी आवश्यक असते. म्हणून बाहेरून मिळाले नाही तर शरीर ते हाडांतून काढते. रक्तातील कॅल्शियमचा अहवाल नॉर्मल असूनही हाडे कमकुवत असू शकतात, ती यामुळे.

हे उलट बाजूनेही खरे आहे. ड जीवनसत्त्व भरपूर दिले, पण ताटात कॅल्शियमच नसेल, तर आतड्याने शोषायचे काय? केवळ पाकिटे घेऊन हाडे मजबूत होत नाहीत.

ऊन असूनही कमतरता का?

केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलामुलींमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. लहान मुलांपेक्षा हे प्रमाण जास्त होते: १ ते ४ वयोगटात १४ टक्के, ५ ते ९ मध्ये १८ टक्के. म्हणजे वय वाढते तशी कमतरताही वाढते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २५ ते ३५ वयाच्या निरोगी तरुणांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे ७० टक्के जणांची पातळी २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी होती.

हा प्रश्न नवा नाही. १९२२ मध्ये हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिकमधील मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यात राहणाऱ्या, खाऊन-पिऊन सुखी घरांतही मुडदूस होता. उलट निकृष्ट अन्न खाणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर काम करणाऱ्या कुटुंबांत तो दिसला नाही. फरक उन्हाचा होता. किशोरवयात उशिरा होणाऱ्या मुडदुसाचाही त्यात विचार होता.

शंभर वर्षांनंतर पडद्याची जागा वेगळ्या गोष्टींनी घेतली आहे.

- घरे: वाकोला, गोळीबार भागांतील दाट वस्त्यांत आणि एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या पुनर्वसन इमारतींच्या खालच्या मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावावा लागतो. पश्चिमेच्या मोठ्या इमारतींत गच्चीला कुलूप असते आणि आवारात गाड्या.
- वेळापत्रक: सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी अभ्यास किंवा मोबाइल. खेळायला वेळ मिळतो तेव्हा ऊन उतरलेले असते.
- काच: खिडकीच्या किंवा गाडीच्या काचेतून येणारे ऊन गरम लागते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण काच अडवते.
- कपडे: अंगभर कपडे, हिजाब किंवा बुरखा वापरणाऱ्या मुलींच्या त्वचेला ऊन फार कमी मिळते.
- त्वचेचा रंग: सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून संरक्षण करते, पण त्यामुळे तेवढेच ड जीवनसत्त्व बनायला जास्त वेळ लागतो.
- वजन: ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहते. लठ्ठ मुलांना गरज आणि उपचाराची मात्रा दोन्ही जास्त लागू शकतात.
- हवा आणि पाऊस: जून ते सप्टेंबर ढग, आणि हिवाळ्यात धुरके.

ऊन किती आणि कधी?

‘सकाळचे कोवळे ऊन घ्या’ हा सल्ला घराघरांत दिला जातो. सकाळी सात वाजता चालायला जाणे चांगलेच, पण त्या वेळी सूर्य खाली असतो आणि अतिनील-बी किरण जमिनीपर्यंत फारच कमी पोहोचतात. ड जीवनसत्त्वासाठी सूर्य वर आलेला हवा.

यासाठी एक सोपी खूण आहे: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल, तर ते ऊन उपयोगाचे. साधारण सकाळी ११ ते दुपारी २ हा तो वेळ. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. अगदी डिसेंबरमध्येही भर दुपारी सावली उंचीपेक्षा थोडी लहानच असते. म्हणजे आकाश स्वच्छ असेल तर मुंबईत बाराही महिने हे शक्य आहे. युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात ही सोय नसते. तेथे त्या महिन्यांत गोळ्यांचा सल्ला दिला जातो.

- चेहरा, हात आणि शक्य असल्यास पाय उघडे ठेवून १५ ते ३० मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस.
- मार्च ते मे या काळात दहा-साडेदहालाच सावली लहान होते. तेव्हाच घ्या, भर दुपारच्या उकाड्यात मुलांना उभे करू नका. पाणी प्यायला लावा.
- त्वचा लाल होईपर्यंत थांबू नका. ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जास्त ड जीवनसत्त्व बनवत नाही, फक्त भाजते.
- शाळेची मधली सुट्टी वर्गात न घालवता मैदानात घालवली, तर अनेक मुलांचे काम तेथेच होते. रविवारी जुहू चौपाटीवर सकाळी सहाऐवजी साडेनऊला जाऊन साडेदहापर्यंत खेळणे, हाही एक मार्ग.
- अंगभर कपडे घालणाऱ्या मुलींना घराच्या गच्चीत किंवा बंदिस्त अंगणात बाही वर करून ऊन घेता येते. ते शक्य नसेल, तर रोजच्या कमी मात्रेच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

ज्यांना उन्हाने अंगावर चट्टे उठतात, ल्युपससारखा आजार आहे किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे, त्यांनी ऊन घेण्याआधी विचारावे.

जेवणातून ड जीवनसत्त्व किती मिळते?

खरे सांगायचे तर थोडेच. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे हा आपल्याकडचा सर्वात चांगला स्रोत. अंड्याच्या बलकातून सुमारे ४० युनिट मिळतात. शाकाहारी घरांत मुख्य आधार पोषणमूल्य वाढवलेल्या, म्हणजेच फोर्टिफाइड दुधाचा आणि तेलाचा. पिशवीवर निळ्या रंगात ‘एफ’ अक्षर आणि अधिकचे चिन्ह असेल, तर ते फोर्टिफाइड समजावे. अशा एक लिटर दुधात २०० ते ३०० युनिट असतात, म्हणजे एका पेल्यात ४० ते ६०. दिवसाला २० ग्रॅम फोर्टिफाइड तेल पोटात गेले तर सुमारे ९० ते १३० युनिट. हे मदत करते, पण ६०० चा आकडा गाठत नाही. बाकीचे उन्हातूनच यायला हवे.

कॅल्शियम: दुर्लक्षित अर्धा भाग

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेली रोजची गरज अशी आहे:

- १० ते १२ वर्षे: ८५० मिलिग्रॅम
- १३ ते १५ वर्षे: १००० मिलिग्रॅम
- १६ ते १८ वर्षे: १०५० मिलिग्रॅम

आता नेहमीचा दिवस पाहा. सकाळी चहा-बिस्कीट, डब्यात बटाट्याची भाजी आणि चपाती, दुपारी वरणभात, क्लासला जाताना वडापाव, रात्री पुन्हा भात किंवा नूडल्स. यात जेमतेम ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पोट भरते; हाडांच्या वाट्याला फारसे येत नाही. चहातले दूध हिशेबात धरण्याइतके नसते.

मराठी स्वयंपाकघरातल्या पदार्थांनीच १००० पर्यंत कसे पोहोचता येते, त्याचा १४ वर्षांच्या मुलासाठी एक नमुना (आकडे अंदाजे):

- दूध, १ पेला (२०० मिली): २४० मिलिग्रॅम
- नाचणीची भाकरी, डोसा किंवा आंबील (५० ग्रॅम पीठ): १८०
- मेथी किंवा माठाची भाजी, १ वाटी (कच्ची ७५ ग्रॅम): २००
- दही, १ छोटी वाटी (१०० ग्रॅम): १५०
- तिळाची चटणी किंवा लाडू (१० ग्रॅम तीळ): १२५
- डाळ, उसळ, इतर: १००
- एकूण: सुमारे १००० मिलिग्रॅम

काही उपयोगी गोष्टी:

- १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गहू आणि तांदळात त्याच्या जवळपासही नाही. आठवड्यातून तीन दिवस चपातीऐवजी भाकरी, एवढा बदलही पुरेसा फरक करतो.
- शेवग्याची पाने स्वस्त आणि कॅल्शियमने भरलेली आहेत. डाळीत किंवा थालीपिठात घाला.
- पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलेटमुळे ते फार कमी शोषले जाते. पालक खा, फक्त कॅल्शियमसाठी त्यावर विसंबू नका.
- मांदेलीसारखे छोटे मासे काट्यांसकट कुरकुरीत तळून किंवा भाजून खाल्ले, तर काट्यांतले कॅल्शियमही मिळते. काटे काढून खाल्लेल्या मोठ्या माशातून ते मिळत नाही.
- दूध पचत नसेल, तर दही आणि ताक बहुतेकांना चालते.
- कोल्ड्रिंकचा मोठा तोटा हा की ते दुधा-ताकाची जागा घेते. वेफर, लोणचे, पापड यांतले जास्त मीठ लघवीवाटे जाणारे कॅल्शियम वाढवते.

पुण्यातील जहांगीर रुग्णालयाच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेने गरीब वस्तीतील लहान मुलांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिसळलेले लाडू देऊन पाहिले (२०११). त्या मुलांच्या हाडांतील क्षार साधे लाडू खाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढले. याच संस्थेने पुढे पाळी सुरू न झालेल्या शाळकरी मुलींवर केलेल्या अभ्यासातही कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये दिल्याने हाडांची पुंजी वाढलेली दिसली. कॅल्शियम कमी खाणाऱ्या मुलांना ते मिळाले की शरीर त्याचा उपयोग करून घेते.

इतर जीवनसत्त्वांचे काय?

- क जीवनसत्त्व: हाडातील प्रथिनांचे जाळे विणायला लागते. पेरू, आवळा, लिंबू पुरेसे आहेत.
- के जीवनसत्त्व: हिरव्या पालेभाज्यांतून मिळते. वेगळी गोळी लागत नाही.
- बी १२: वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३१ टक्के किशोरवयीन मुलांमध्ये ते कमी आढळले. शाकाहारी मुलांत थकवा, हातापायांना मुंग्या, तोंड येणे अशी लक्षणे असतील, तर ‘हाडे दुखतात’ म्हणून फक्त ड जीवनसत्त्व न पाहता बी १२ आणि हिमोग्लोबिनही तपासावे.
- अ जीवनसत्त्व: हे जास्त झाले तर हाडांना अपाय होतो. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा कॉडलिव्हर ऑइल घेऊ नये.

प्रथिनेही विसरू नका. डाळी, उसळी, अंडी, दूध, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे.

खेळ: हाडांना मिळणारा निरोप

हाडावर भार पडला, धक्का बसला, की ते स्वतःला मजबूत करते. दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो, कबड्डी, बास्केटबॉल, धावणे, जिने चढणे या सगळ्यांत तो धक्का असतो. पोहणे आणि सायकल हृदयासाठी उत्तम, पण हाडांसाठी त्यांच्याबरोबर उड्या मारणारा एखादा खेळ हवा. जागेची अडचण असेल तर इमारतीच्या पॅसेजमध्ये रोज दहा मिनिटे दोरीच्या उड्याही चालतात.

लक्षणे कोणती?

सौम्य कमतरतेत बहुधा काहीच जाणवत नाही. कमतरता जास्त आणि दीर्घकाळ असेल तर:

- पाय, कंबर, बरगड्या यांत सतत ठणका. हाड दाबल्यावर दुखणे
- मांड्यांत अशक्तपणा: जिना चढताना किंवा मांडी घालून बसल्यावर उठताना हाताचा आधार घ्यावा लागणे
- डुलत चालणे
- या वयात नव्याने गुडघे आत वळणे किंवा पाय बाकदार होणे
- हाताची बोटे आखडणे, तोंडाभोवती मुंग्या, क्वचित झटका
- किरकोळ पडण्याने हाड मोडणे

जमिनीवरून उठताना आधार लागणे ही खूण पालक अनेकदा ‘आळस’ म्हणून सोडून देतात. ती सोडू नका.

पायदुखी म्हणजे ड जीवनसत्त्वच, असे नाही

पुढीलपैकी काही असेल, तर आधी पाकीट सुरू न करता डॉक्टरांना दाखवा:

- एकाच जागी दुखणे, तेथे सूज किंवा गाठ
- रात्री झोपेतून उठवणारे दुखणे
- ताप, वजन घटणे, भूक मंदावणे
- दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललेली पाठदुखी (पाठीच्या मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आहे)
- लंगडणे, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलाचा गुडघा किंवा मांडी दुखत असेल तर. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल भाग वाढीच्या रेषेवरून सरकल्याने असे होऊ शकते आणि त्यासाठी तातडीने एक्स-रे लागतो.

खेळणाऱ्या मुलांत गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला दुखरा उंचवटा येतो. तो बहुधा वाढीच्या वयातील ताणामुळे असतो आणि विश्रांतीने बरा होतो.

तपासणी कोणाची करावी?

निरोगी, खेळत्या मुलाची नियमित ड जीवनसत्त्व तपासणी करण्याची शिफारस नाही. तपासणी यांची करावी: वरील लक्षणे असलेली मुले, वारंवार हाड मोडणारी, लठ्ठ, फिट्सची औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी, यकृत, मूत्रपिंड किंवा पचनाचा जुना आजार असलेली.

अहवाल वाचताना तीन ठिकाणी गैरसमज होतो.

१. ड जीवनसत्त्वाचा आकडा. अनेक प्रयोगशाळा ३० पेक्षा कमी सगळ्यांना ‘कमी’ म्हणतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांमध्ये २० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त म्हणजे पुरेसे, १२ ते २० म्हणजे अपुरे आणि १२ पेक्षा कमी म्हणजे कमतरता. म्हणजे २४ आकडा असलेल्या मुलाला औषध लागत नाही. ऊन आणि आहार सुधारणे पुरे.

२. अल्कलाइन फॉस्फटेज. वाढत्या वयात हे प्रौढांपेक्षा दुप्पट-तिप्पट असणे स्वाभाविक आहे. अहवालावर प्रौढांची मर्यादा छापलेली असते, म्हणून ते लाल दिसते. लक्षणे, कमी ड जीवनसत्त्व किंवा कमी फॉस्फरस यांबरोबर ते वाढले असेल, तरच त्याला वेगळा अर्थ असतो.

३. हाडांच्या घनतेची चाचणी. शिबिरांत टाचेवर यंत्र लावून ‘हाडे ठिसूळ’ असे सांगितले जाते. मुलांची तुलना तिशीतल्या प्रौढांशी करणारा आकडा त्यांना लागू होत नाही. अशा अहवालावरून उपचार करू नयेत.

उपचार आणि ६०,००० चे पाकीट

मुलांतील कमतरतेसाठी बालरोगतज्ज्ञ संघटनेने रोज ३,००० युनिट, १२ आठवडे, असा उपचार सुचवला आहे. त्याबरोबर पुरेसे कॅल्शियम. याची एकूण बेरीज सुमारे अडीच लाख युनिट, म्हणजे ६०,००० च्या साधारण चार पाकिटांइतकी होते. रोज गोळी घेणे जमत नसेल, तर डॉक्टर पाकीट किंवा कॅप्सूल काही आठवड्यांच्या अंतराने देतात. उपचार संपला की पाकीट बंद.

आता दर रविवारी वर्षभर घेतल्याचा हिशेब करा: ५२ पाकिटे, ३१ लाखांहून अधिक युनिट. ‘आठवड्यातून एक’ ऐवजी गैरसमजाने ‘रोज एक’ घेतले तर धोका काही आठवड्यांतच उभा राहतो. ड जीवनसत्त्व चरबीत साठते; जास्त झालेले लघवीवाटे निघून जात नाही. रक्तात कॅल्शियम वाढते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, पोटदुखी ही त्याची लक्षणे. पुढे मुतखडा आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. औषध थांबवल्यावरही परिणाम काही आठवडे ते महिने राहतो. अशी लक्षणे असतील, तर पाकिटे घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

म्हणून तीन नियम पाळा: चिठ्ठीवर ‘किती पाकिटे आणि केव्हा थांबायचे’ हे लिहून घ्या. एकाचे पाकीट भावंडांना देऊ नका. घरातील सगळी मल्टीव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, शक्तिवर्धक डबे डॉक्टरांना दाखवा, कारण त्यांतही ड जीवनसत्त्व असते.

कॅल्शियमच्या गोळीवर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेले असेल, तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. ती जेवणाबरोबर घ्यावी आणि एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊ नये.

नेहमीचे प्रश्न

*ड जीवनसत्त्वाने उंची वाढते का?*
मुडदूस असेल तर उपचाराने खुंटलेली वाढ सुधारते. पातळी पुरेशी असलेल्या मुलाची उंची जास्त डोसने वाढत नाही. उंचीची पावडरही ते करत नाही. मुलींची पाळी सुरू झाल्यावर उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते; काळजी वाटत असेल तर त्याआधी दाखवा.

*आम्ही शाकाहारी किंवा जैन आहोत. पाकीट चालेल का?*
बहुतेक पाकिटांतील ड-३ मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते, आणि काही कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असते. वनस्पतिजन्य पर्यायही मिळतात. डॉक्टरांना तसे सांगा. औषध टाळू नका.

*शाळेतून लोहाची गोळी मिळते. कॅल्शियमबरोबर चालते का?*
एकत्र नको. कॅल्शियम, दूध आणि चहा लोहाचे शोषण कमी करतात. दोन तासांचे अंतर ठेवा.

*मुलगी वजन कमी करते आहे आणि पाळी थांबली आहे.*
हे हाडांसाठी गंभीर आहे. पोषण कमी पडल्याने इस्ट्रोजेन घटते आणि हाडे भरण्याच्या वयात झिजू लागतात. तीन महिने पाळी आली नाही, तर ‘परीक्षेचा ताण’ म्हणून थांबू नका. नाचणाऱ्या आणि धावणाऱ्या मुलींनाही हेच लागू आहे.

*पावसाळ्यात काय करायचे?*
चरबीतला साठा काही आठवडे पुरतो, म्हणून फेब्रुवारी ते मे घेतलेले ऊन उपयोगी पडते. पावसात उघडीप मिळाली की बाहेर पडा. आधीच कमतरता असलेल्या मुलांना या महिन्यांत रोजची कमी मात्रा द्यावी का, हे डॉक्टर ठरवतील.

कोठे दाखवावे?

सुरुवात कुटुंबाच्या डॉक्टरांपासून करा. महापालिकेच्या सेवेसाठी सांताक्रूझ पूर्वेला व्ही. एन. देसाई रुग्णालय आणि पार्ल्याला कूपर रुग्णालय आहे. पाय वाकणे, वारंवार हाड मोडणे किंवा उपचाराने न सुधारणारा मुडदूस असेल, तर परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी बालरोग विभागात तपासणी व्हावी. काही मुडदूस मूत्रपिंडाच्या किंवा आनुवंशिक कारणांनी होतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात.

या आठवड्यात एवढे करा: मुलाने एका दिवसात खाल्लेले सगळे कागदावर लिहा आणि वरच्या नमुन्याशी ताडून कॅल्शियमची बेरीज करा. बेरीज ५०० च्या खाली असेल, तर प्रयोगशाळेत जाण्याआधी नाचणी, तीळ आणि दही आणा. मग मुलाला जमिनीवर मांडी घालून बसायला सांगा आणि हात न टेकता उठायला सांगा. ते जमले नाही, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे या.